दादाचं विमान आणि पाण्यातले देव

दादाचं विमान आमच्या घरच्या हिशेबाने लंडनला पोचलं, तेव्हा ते खरं तर वाटेत कुठेतरी पेट्रोल भरत उभं होतं. हिशेब माझा होता.

स्वातंत्र्याला पाचएक वर्षं झाली असतील. आम्ही अंबरनाथला राहायचो, बाबा काड्यापेट्यांच्या कारखान्यात होते आणि आमच्या आळीतून विमानात बसणारा दादा पहिलाच. दोन वर्षांसाठी शिकायला चालला होता. तिकडे तो सांताक्रूझला विमानात चढला आणि इकडे आईने देव पाण्यात ठेवले. सगळे! गणपती, अन्नपूर्णा, बाळकृष्ण, खंडोबाचा टाकसुद्धा. दादा जमिनीला लागेपर्यंत देव बाहेर येणार नव्हते आणि आई जेवणार नव्हती.

"अगं, पण तो उतरला हे कळणार कसं?" बाबा म्हणाले. "तार कधी येईल कोण जाणे."

"मग हिला सांगा हिशेब करायला," आई माझ्याकडे बघत म्हणाली. "गणितात पहिली येते ना?"

मी शाळेचा नकाशा पसरला. मुंबईपासून लंडनपर्यंत शिवणाचा दोरा ताणला (वाटेतल्या डोंगरांना आणि समुद्रांना न विचारता), मैल काढले आणि विमानाच्या वेगाने भागले. उत्तर आलं पंधरा तास. म्हणजे संध्याकाळी सुटलेला दादा सकाळी लंडनात!

सकाळी मी जाहीर केलं, "पोचला." देव पुसून देव्हाऱ्यात गेले. शिरा झाला, चार घरी वाटला. आईने पहिला घास उचलला, तेवढ्यात खांद्यावर कापडाचा ताका घेऊन लालचंदभाई दारात आले. उल्हासनगरच्या कॅम्पातले हे सिंधी फेरीवाले आमच्याकडे नेहमी यायचे.

"इतनी जल्दी कैसे पोचला?" त्यांनी विचारलं. "भाभी, प्लेन बीच में उतरतं. तेल भरतं, मग पुढे जातं. तुमचा लडका अजून रस्त्यातच असणार."

आईचा घास ताटात पडला. देव पुन्हा पाण्यात! (गणपतीचं गंध अजून वाळलंही नव्हतं.) बाबा त्याच चार घरी जाऊन "अजून पोचला नाही" असं सांगून आले.

"तुम्हाला काय ठाऊक विमानाचं?" मी चिडून लालचंदभाईंना विचारलं.

"मैं बैठा हूँ ना, बेटी. कराची ते बंबई. बस, दो-तीन घंटे." त्यांनी ताका खाली ठेवला. "पण पाच साल झाले, परत जाता आलं नाही."

मग आईने हळूच विचारलं, "लंडनहून परत यायला किती वेळ लागतो हो?"

"जायला लागतो तेवढाच, भाभी."

तार आली, दादा सुखरूप होता. आईने देव बाहेर काढले, पण बाळकृष्ण पाण्यातच ठेवला. तो आता दादा घरी आल्यावरच निघायचा होता.

दोनाची चार वर्षं झाली. दादाला तिकडे नोकरी लागली, मग मडम आली. आई रोज सकाळी बाळकृष्णाचं पाणी बदलायची आणि मला विचारायची, "एका दिवसाचंच अंतर ना गं?" मी हो म्हणायचे. तेव्हा तिच्याकडे बघवत नसे.

एका सकाळी ते पाणी मी बदललं, कारण आई उरली नव्हती.

दादा दहाव्याला आला. उंबऱ्यातच बसून लहान मुलासारखा रडला. त्याला विचारायचं, सुनावायचं, किती काय काय मी इतकी वर्षं साठवून ठेवलं होतं. आणि गणितात पहिली येणाऱ्या या बाईने त्याच्या गळ्यात पडून विचारलं काय, तर "किती तास लागले रे?"