कंपनीने सोडून दिलेली काडी

लेकरांनो, तुमचे बाबा मला नवा लॅपटॉप पाठवणार आहेत. तो आला की जुना माळ्यावर जाईल, आणि त्याच्या पाठीमागे खोचलेल्या काडीची हकिकत तुम्हाला कोणी सांगणार नाही. म्हणून आत्ताच लिहिते.

धाकटी रविवारी व्हिडिओ कॉलवर माझ्याकडून मराठी शिकते, ती या लॅपटॉपवर. फोनच्या पडद्यावर मला तिची अक्षरं दिसत नाहीत. थोरला इथे माझ्याकडे परतूरला आला होता तेव्हा त्याने यावर फुकटची, सर्वांना खुली असलेली ऑपरेटिंग सिस्टीम टाकली आणि वायफाय पकडायला बाजारातून बोटभर यूएसबी काडी आणून लावली. छान चाललं होतं. मग पडद्यावर सूचना आली की नवी आवृत्ती घ्या. मी शिस्तीची बाई, घेतली. वायफाय गेलं आणि वर्ग बुडाला.

थोरला फोनवर म्हणाला, "आजी, काडीचा ड्रायव्हर जुना झालाय. काडीचं बोलणं लॅपटॉपला समजावतो तो प्रोग्राम. कंपनीने लिहिलाय, सुधारायचाही कंपनीनेच."

"मग सांग त्यांना."

"सांगून झालं. त्यांनी नवी काडी काढलीय, जुनीकडे बघत नाहीत."

आपल्याकडे मिक्सर असो की पाण्याची मोटार, ज्याने विकली त्याच्या दारात जायचं. मीही गेले. दुकान मारवाडी कुटुंबाचं, आताचा मालक माझा शाळेतला जुना विद्यार्थी. त्याने काडी दुकानातल्या कम्प्युटरला लावली. दिवा लागला.

"बाई, बराबर चालू राह्यली की. बिघडली असती तर जल्दी बदलून दिली असती. न बिघडलेली कशी बदलू?"

"माझ्या घरी चालत नाही."

"मंग घर बदला," तो म्हणाला आणि चहा सांगितला.

घरी येऊन मी कंपनीला इंग्रजीत पत्र लिहिलं, स्वल्पविरामासकट. आपण आमच्या परिवारात आहात याचा आनंद वाटतो, असं उत्तर आलं. खुल्या सिस्टीमसाठी मात्र कृपया 'कम्युनिटी'ला विचारावं. त्यांच्या संकेतस्थळावर खुल्या सॉफ्टवेअरवरच्या प्रेमाविषयी एक आख्खं पान आहे, हातात हात घातलेल्या माणसांच्या चित्रासह. थोरल्याने दाखवलेल्या ड्रायव्हरच्या फाइलमध्ये देखभाल करणारा म्हणून त्यांच्याच एका इंजिनिअरचं नाव होतं. त्याला लिहिलं, तर मेल परत आली. गृहस्थ नोकरी सोडून गेले होते.

तेव्हा मला माहेर आठवलं. आष्टीला आमच्या गल्लीत हातपंप होता. देखभाल कोणत्या खात्याची ते पाटीवर ठळक रंगवलेलं. त्या खात्याचा माणूस आम्ही कधी पाहिला नाही. दांड्याला तेल घालायच्या त्या गल्लीतल्या बायका, आणि साहेब पाहणीला येणार म्हटलं की खात्याकडून पाटीला नवा रंग मिळायचा. कम्युनिटी म्हणजे कोण, हे मला कंपनीपेक्षा लवकर कळलं.

अशी मंडळी जिथे मेलवर भेटतात तो पत्ता थोरल्याने दिला. मी सर्वांची खुशाली विचारून, नातीचा वर्ग बुडाल्याचं सविस्तर कळवलं. खुशालीला कोणी उत्तर दिलं नाही. पण कुठल्याशा थंड देशातल्या एकाने लिहिलं, "लॅपटॉप सुरू करताना यादी दिसते, तिच्यातली सिस्टीमची जुनी आवृत्ती निवडा, तूर्त चालेल. माझ्या आईकडेही हीच काडी आहे. सुटीच्या दिवशी बघतो."

जुनी निवडली. वर्ग भरला. पुढे त्याने ड्रायव्हर दुरुस्त केला, थोरल्याने दुरून तो माझ्या लॅपटॉपवर चढवला, आणि चालतो असं मी रीतसर कळवलं. दुकानदाराला सांगितलं तर म्हणाला, "म्हंजे माल कंपनीचा, अन् सेवा त्याच्या आईपायी? मंग कंपनी काय करून राह्यली?"

"पान सजवून राह्यली," मी म्हटलं.

फाइलमध्ये देखभाल करणारा म्हणून अजून त्या सोडून गेलेल्या इंजिनिअरचंच नाव आहे. काडी लॅपटॉपच्या पाठीमागे आहे. रविवारचा वर्ग चालू आहे.