मरतानाचं ‘बरं, बाबा’

आमच्या आत्याने आयुष्यात एकाच परदेशी सिनेमाला मराठी आवाज दिला आणि त्या सिनेमाने तिचं तोंड कायमचं बंद केलं.

हेरपटांच्या एका न संपणाऱ्या मालिकेतला तो सातवा. समीक्षकांनी त्याची सालटी काढली. नायक थकलेला, खलनायक पुचाट, गोष्टीला ना शेंडा ना बुडखा. तिथवर ठीक होतं. पण एका शहाण्याने अर्धा रकाना खर्ची घातला तो मराठी आवाजातल्या एका वाक्यावर. नायिकेला गोळी लागते, नायक म्हणतो, “मी आलोच, डोळे मिटू नकोस,” आणि ती म्हणते, “बरं, बाबा.” शहाण्याने लिहिलं, ‘बाई मरतेय की नवऱ्याला भाजीला पिटाळतेय?’

अरे, पण पडद्यावर त्या क्षणी नायिकेचे ओठ तीनदा मिटतात! त्यावर बसेल आणि शेवटच्या श्वासात मावेल, असं आत्याला तेवढंच सुचलं होतं. पण ऐकतो कोण? पुढे कामच मिळालं नाही. ती रुग्णालयात चौकशीच्या खिडकीत बसून लोकांना मजले सांगू लागली. घरात तर बाबांनी, तिच्या सख्ख्या धाकट्या भावाने, तिचं नावच ‘बरंबाबा’ पाडलं. मला त्याची अजून चीड येते.

परवा तो सिनेमा टीव्हीच्या ॲपवर आला. आता म्हणे तो मालिकेतलं रत्न आहे. वरातीमागून घोडं! आत्या केस विंचरून समोर बसली, जणू तीच पडद्यावर दिसणार होती.

पण मराठी आवाज नवे निघाले. तिला कोणी कळवलंही नव्हतं.

गोळी लागली. नायिका नव्या आवाजात म्हणाली, “जा, पण माझ्या मरणाचा सूड घेतल्याशिवाय परतू नकोस!”

“अगं, मान टाकलीस ना तू?” आत्या कडाडली. “मेल्यावर कसली बोलतेस!”

बाबांनी रिमोट उचलला, प्रसंग मागे नेला, आवाज बंद केला. “म्हण, ताई.” मला वाटलं, पुन्हा थट्टा.

पडद्यावरचे ओठ हलले. “बरं, बाबा,” आत्या म्हणाली.

बाबा हसले नाहीत. “चपखल बसतंय गं. मी कधी तिच्या ओठांकडे बघितलंच नव्हतं.”

“मग इतकी वर्षं हसत कशाला होतास?” आत्या म्हणाली आणि त्यांच्या हातातला रिमोट घेऊन तिने टीव्ही बंद केला.