पाळण्यापर्यंत न पोचलेलं आख्यान

पांढुर्ण्याच्या राममंदिरात रामाचा जन्म दरवर्षी चैत्र शुद्ध नवमीला भर दुपारी बारा वाजता होत असे, आणि मोरेश्वर खोडेच्या मते गेल्या सात वर्षांत तो एकदाही धड झालेला नव्हता. मोरेश्वरची देवावर तक्रार नव्हती. देव वेळेवर यायचा. तक्रार होती माइकवर.

बसस्टँडच्या रस्त्यावर मोरेश्वरचं मोटारपंपाच्या सामानाचं दुकान होतं. संत्रावाल्यांना पंपाची आठवण उन्हाळ्यात होते, तेव्हा दुकानाचा हंगाम तोच, आणि मालकाच्या गैरहजेरीचा हंगामही तोच. पाडव्यापासून मृग लागेपर्यंत या मुलखात जिथे म्हणून कातडं ताणून वाजवलं जाई, तिथे तो राजदूत मोटारसायकलवर बसून हजर. मोहगावची भजनस्पर्धा, लोधीखेड्याचा दंडारीचा खेळ, सौंसरच्या मैदानावरचा नागपूरचा ऑर्केस्ट्रा. ऑर्केस्ट्रा त्याला मुळीच आवडत नसे. पण आवडत नाही हे नक्की करायला तरी शेवटपर्यंत बसावं लागतं, असं त्याचं म्हणणं होतं. लग्नसराईत एखाद्या बँडचा क्लॅरिनेटवाला बरा निघाला, तर मोरेश्वर नवरा कोण, नवरी कोण याची चौकशी न करता वरातीमागे अर्धं गाव चालत जाई. दुकानात त्याची बायको सरला बसे. मालक कुठे गेले म्हणून कोणी विचारलं, तर ती म्हणे, "कुठी ढोलकी वाजून राहिली ते ऐका, अन् तिकडं जा."

या सगळ्या फिरतीत त्याला खरं ऐकायचं असे ते एकच. मोहगावकडच्या रामाजींचं रामजन्माचं आख्यान.

रामाजी हे गरीब, उपेक्षित वगैरे कलावंत नव्हते. त्यांचा संत्र्याचा बगीचा होता, ट्रॅक्टर होता, आणि आपण गातो ते चांगलं गातो हे त्यांना कोणी सांगावं लागत नसे. हातात खंजिरी, मागे ओळ धरणारे चार झीलकरी, एवढ्यावर ते सकाळी आख्यानाला बसत, आणि दशरथाच्या शिकारीपासून सुरू करून असं बेतानं आणत, की गाण्यातल्या कौसल्येची सुटका आणि देवळातली घंटा एकाच वेळी व्हावी. मग गुलाल, मग पाळणा. हा पाळणा रामाजींच्या वडिलांनी रचलेला होता आणि आख्यानाला जोडलेला होता. तो सुटा म्हणायचा नाही, अशी त्यांच्या मंडळाची रीत. गाण्यात जन्म झाला तर पाळणा. घंटा आधी झाली तर खंजिरी खाली. जे पोर गाण्यात जन्मलंच नाही, त्याला पाळण्यात घालणं अपशकुन.

मोरेश्वरनं हे आख्यान पूर्ण ऐकलं होतं ते एकदाच, एकोणऐंशी साली. त्या वर्षी भोंगेवाला ऐन वेळी लग्नाची सुपारी घेऊन वरूडला पळाला. माइक नाही, म्हणून निवेदक नाही. निवेदक नाही, म्हणून सत्कार नाहीत. घंटा वाजली आणि रामाजींनी पाळण्याचा पहिला शब्द उचलला, तेव्हा मांडवातल्या म्हाताऱ्या बायका रडल्या आणि मोरेश्वर खांबाला धरून उभा राहिला.

पुढल्या वर्षी माइक परत आला. त्याच्यामागून सगळे आले. नवे तहसीलदार, बदली झालेले तहसीलदार, बदली रद्द झालेले इंजिनियर, मांडवाला बांबू देणारे, बांबू देतो म्हणालेले. प्रत्येकाला हार, शाल, नारळ आणि दोन शब्द. रामाजी थांबत, पुन्हा सुरू करत, पुन्हा थांबत. एक्क्याऐंशी साली घंटा झाली तेव्हा गाण्यातला दशरथ अजून शिकारीतच होता. त्र्याऐंशीत ऋषी यज्ञाला यायचे होते. पंच्याऐंशीत पायसाची वाटी कौसल्येच्या हातात आली आणि तिथेच राहिली. देवळात राम जन्मायचा, सुंठवडा वाटला जायचा, आणि मोरेश्वर तसाच भर उन्हात घरी यायचा आणि ताटावर बसायचा नाही.

"अहो, झाला ना जन्म," सरला म्हणे.

"जन्म नाई झाला. बारा वाजले."

सत्त्याऐंशीच्या संक्रांतीला त्याला मोहगावच्या बाजारात बातमी लागली. रामाजींचे दात हलायला लागले होते. रामनवमी झाली की नागपूरला जाऊन सगळे काढून घ्यायचे आणि कवळी बसवायची, असं ठरलं होतं. "कवळीनं पोळी खाता येते," रामाजी म्हणाले, "पण 'कौसल्या' नाई म्हनता येत. यंदाचं शेवटचं." घरात दुसरं कोणी आख्यान शिकलेलं नव्हतं. मुलगा ट्रॅक्टरवर टेप लावून फिरायचा.

मोरेश्वर आयुष्यात कुठल्या समितीत शिरला नव्हता. त्या माघात तो उत्सव समितीत शिरला.

समितीचे अध्यक्ष केशवराव संत्र्याचे व्यापारी होते, मोठ्या मनाचे. आपल्याला हार मिळाला नाही असं गावात कोणालाही वाटू नये, एवढीच त्यांची इच्छा असे, आणि नेमका याच चांगुलपणाचा मोरेश्वरला संताप येई. वाईट माणसाशी भांडता येतं.

"सत्कार जन्म झाल्यावर करा," मोरेश्वर बैठकीत म्हणाला.

"जन्म झाल्यावर थांबते कोन जी?" केशवराव म्हणाले. "सुंठवडा हातावर पडला का पब्लिक चालली घरी. खुर्च्याइचा सत्कार करू का?"

"मग करूच नका."

सगळ्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की जणू तो जन्मच करू नका म्हणाला. निवेदन करणारे शाळेतले अरविंद सर घसा साफ करून म्हणाले, "मोरेश्वरभाऊ, सत्कारानं कार्यक्रमाला उंची येते."

"उंची नाई येत सर. लांबी येते."

कोणी तरी हसलं. केशवराव हसले नाहीत, पण त्यांना त्याचं म्हणणं टोचलं असावं. शेवटी ठरलं असं, की यंदा सगळे हारतुरे अष्टमीच्या संध्याकाळी उरकायचे. नवमीच्या सकाळी मंचावर रामाजी आणि त्यांचं मंडळ, दुसरं कोणी नाही. "शब्द देतो तुमाले," केशवराव म्हणाले. आणि त्यांनी तो पाळला. अष्टमीला एवढे हार झाले की शेवटच्या चार जणांना पहिल्यांचेच उतरवून घालावे लागले.

नवमीला मोरेश्वर सकाळीच जाऊन खांबापाशी बसला. सरला पलीकडे बायकांत होती. ऊन तापायला लागलं होतं, मांडवाच्या पडद्यांवर पाणी मारलं होतं, आणि मंच खरोखर मोकळा होता. रामाजींनी खंजिरी कपाळाला लावली आणि सुरू केलं.

शिकार झाली. श्रावणबाळाची घागर बुडाली. शाप झाला. झीलकरी ओळ उचलत आणि रामाजी ती त्यांच्या तोंडातून पुन्हा काढून घेत, जरा वर नेत आणि ठेवून देत. दात हलत असतील, पण शब्द हलत नव्हता. ऋषी आले, यज्ञ झाला, पायसाची वाटी तिन्ही राण्यांत फिरली. आठ वर्षांनी मोरेश्वर त्या वाटीच्या पुढे गेला. मग डोहाळे लागले. रामाजींच्या कौसल्येला अयोध्येचे डोहाळे लागत नाहीत. तिला हुरडा लागतो, बाभळीखालची गार सावली लागते, जाम नदीच्या पात्रातल्या ओल्या मातीचा वास लागतो. खंजिरी आता नुसती बोटांच्या टोकांनी चालली होती. पुजारी वामनबुवांनी घड्याळाकडे पाहिलं आणि समाधानानं मान हलवली. यंदा बसत होतं.

आणि अरविंद सरांचा हात माइकवर आला.

"एकच मिनिट, रामाजी. रसिकहो, ज्यांच्या अथक प्रयत्नांमुळे आज या मंचावर एकही सत्कार झाला नाही, असे आपले मोरेश्वरभाऊ खोडे, यांचा सत्कार अध्यक्षसाहेबांच्या हस्ते..."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मनापासून वाजवल्या. दोघांनी मोरेश्वरला दंडाला धरून उठवलं. त्याला लाज वाटतेय असं त्यांना वाटलं. केशवराव शाल उघडून उभे होते आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. रामाजी खंजिरी मांडीवर ठेवून शांतपणे पाहत होते. त्यांना याची सवय होती.

हे सगळं दोन मिनिटांत आटोपलं. हार गळ्यात घेऊन मोरेश्वर खाली उतरला असता, तर रामाजींनी गेलेला वेळ कुठेतरी दाबून घेतला असता. ते त्यांना येत होतं. पण सरांनी दोन शब्दांसाठी माइक पुढे केला, आणि सात वर्षांचा राग हातात माइक आल्यावर खाली उतरत नाही.

"लाज नाई वाटत तुमाले?" मोरेश्वर माइकमध्ये म्हणाला.

भोंगे चार होते; प्रश्न बाजारओळीपर्यंत गेला.

"तिकडं कौसल्येले दिवस गेलेत अन् इकडं तुमी शाल काढून राहिले. या गावात मानूस मेला तरी तिरडी थांबवून सत्कार करतीन हे. सात वर्सं झाली. सात वर्सं. दशरथ शिकारीले जाते अन् घरी येतच नाई. काहून? तर बांबूवाल्याचा हार राह्यला."

पहिलं हसू बायकांतून आलं. मग पुरुषांतून. मोरेश्वरला ते हसू आणखी लागलं. तो तहसीलदारांवर गेला, दोन्ही तहसीलदारांवर. इंजिनियरवर गेला. अष्टमीच्या उतरवलेल्या हारांवर आला तेव्हा लोक मांड्यांवर थापा मारत होते आणि खुद्द केशवराव शाल तोंडाला लावून हसत होते. गाव त्याला आजवर पंपवाला म्हणून ओळखत होतं. हा माणूस असं बोलतो हे कोणाला ठाऊक नव्हतं. त्यालाही नव्हतं. चीड येत होती तसे शब्द येत होते, एकाला एक लागून, आणि टाळ्या पडल्या की पुढचा आपोआप तयार असे. सरला बायकांतून उठली, तिनं हात वर करून मनगटाकडे बोट दाखवलं. त्याला वाटलं, तीही टाळ्याच वाजवतेय.

"ऐकाचं कोनाले हाय इथं?" तो ओरडत होता. "ऐकाले कान लागते, अन् तुमचे सगळ्याइचे..."

वामनबुवांनी घंटा ओढली.

गुलाल उडाला. ताशा सुरू झाला. बायकांनी पाळण्याची दोरी धरली आणि नेहमीचा, सगळ्या देवळांत म्हणतात तो पाळणा म्हणायला घेतला. मोरेश्वर गळ्यात हार आणि हातात माइक घेऊन उभा होता, आणि वरून गुलाल त्याच्या डोक्यावर पडत होता.

रामाजी खंजिरी फडक्यात गुंडाळत होते तिथे तो पोचला.

"रामाजी, थोडंच राह्यलं आहे. आता म्हना. मी सगळ्याइले गप करतो."

"आता?" रामाजींनी गाठ मारली. "गान्यातली कौसल्या पोटुशी हाय अजून. अन् तिकडं पाळना हालून राहिला. म्हनू कसं?"

"माह्यासाठी म्हना. घरी चाला. दोघंच बसू."

"तुमच्या घरी रामजन्म हाय का?"

"रामाजी, या लोकाइनं सत्यानास केला. केशवरावानं शब्द मोडला."

रामाजींनी पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं. "केशवरावाचा हार मी गिळला होता, भाऊ. असे लय गिळले. हाराले वेळ किती लागते? डोहाळे संपले होते. चार कडव्यांत बाळ होतं. मी खंजिरी उचलली बी होती, तुमी पाह्यलं नाई." मग जरा थांबून, कुठलाही टोमणा न मारता ते म्हणाले, "बोलले मात्र झकास."

झीलकरी सुंठवडा खात ट्रॉलीकडे निघाले होते. मुलानं ट्रॅक्टर सुरू केला, टेपही सुरू केला. रामाजी मडगार्डवर चढून बसले, तोंडावर उपरणं घेतलं, आणि ट्रॅक्टर मोहगावच्या रस्त्याला लागला.

मोरेश्वरनं शाल काढली. ती परत करायची, तोंडावर फेकून करायची, आणि त्याबरोबर काय बोलायचं हे सगळं त्याच्या डोक्यात तयार होतं. केशवराव त्याला गर्दीत सापडले. त्यांचा चेहरा गुलालानं भरला होता आणि आनंदानंही.

"मोरेश्वरभाऊ," त्यांनी त्याचे दोन्ही हात धरले, "लोकाइले लय आवडलं. मी आताच सरांना सांगतलं. पुढच्या वर्षी रामाजी नाईत, तर नवमीले हा टाइम तुमालेच. आरामात बोला. कोनी मधात येनार नाई, शब्द देतो."

मोरेश्वरनं तोंड उघडलं. आजूबाजूचे चार-सहा जण ऐकायला लगेच सरकून जवळ आले, हसायच्या तयारीनं.

त्यानं तोंड मिटलं, शाल केशवरावांच्या हातावर ठेवली, आणि दुकानाकडे निघाला.