थांबला की बंद पडणारा ट्रक

माझी आत्या ट्रक चालवायची आणि आतोबा रोपं वाढवायचे. लोकांना हे उलटं वाटायचं, त्या दोघांना कधी वाटलं नाही. गाडीत बसायचं म्हटलं की आतोबांना घाम फुटायचा आणि मातीत हात घालायचा आत्याला कंटाळा. "यांनी लावायचं, मी पोचवायचं. संसाराची इतकी सोपी वाटणी आहे का कुणाकडे?" असं ती गिऱ्हाइकांना विचारायची.

शहराच्या कडेला त्यांची रोपवाटिका होती. कॉलेजच्या सुट्टीत मी तिथेच पडीक असायची. ओल्या मातीचा आणि पेट्रोलचा वास एकत्र आला की मला अजूनही ते पत्र्याचं शेड दिसतं. आत्या उंचीने बेताची. सीटवर उशी ठेवून त्यावर बसायची, आणि ऊन असलं की स्टेअरिंगला ओला टॉवेल गुंडाळायची. त्या थाटात ती कुंड्यांनी भरलेला छोटा ट्रक गल्लीबोळांतून असा काढायची, की समोरून येणारे नुसते बघत राहायचे.

त्या वर्षी ट्रक आजारी पडला. मोकळ्या रस्त्यावर वाघ आणि थांबला की शेळी. सिग्नलला उभा राहिला की थरथरायला लागायचा, मागच्या कुंड्या एकमेकींवर किणकिणायच्या, आणि मग एक उसासा टाकून इंजिन बंद. एके दुपारी तो भर चौकात बंद पडला. मागे बस, बसमागे सगळं गाव. दोन अनोळखी माणसांनी ढकलून कडेला लावला, आणि त्यांतला एक नेमका दादाच्या ओळखीचा निघाला.

दादा म्हणजे आत्याचा मुलगा. रोपवाटिकेचा व्यवहार तो बघायचा. जेवताना त्याने विषय काढला.

"आई, आता पुरे झालं. नवी गाडी घेऊ, ड्रायव्हर ठेवू. तू घरी बस."

आत्याचा घास हातातच राहिला. 'ट्रक विकू' म्हणाला असता तर ती भांडली असती. 'घरी बस' तिला लागलं.

"शनिवारपर्यंत थांब," ती म्हणाली. "तोवर याचं दुखणं सापडलं नाही, तर किल्ली मीच तुझ्या हातात देईन."

"आणि सापडलं तर?"

"तर हा विषय पुन्हा या ताटावर नको."

आतोबांनी भाजी वाढून घेतली आणि कुणाचीच बाजू घेतली नाही. त्यात त्यांचा हात कुणी धरला नसता.

नेहमीच्या गॅरेजच्या मिस्त्रींनी याआधीच प्लग बदलले होते, पेट्रोलचा फिल्टर बदलला होता, हवा आत घेणारं तोंड धुऊन पुसून लख्ख केलं होतं. दर वेळी ट्रक थोडे दिवस शहाण्यासारखा वागायचा आणि पुन्हा मूळपदावर. "मिस्त्रींचा हात आता पहिल्यासारखा राहिला नाही," असं आत्या येईल त्याला सांगत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिने बॉनेट उघडलं. ट्रक चालू ठेवून, इंजिनातून निघणाऱ्या रबरी नळ्या चिमट्याने एकेक दाबून बघायला लागली. कुठली दाबल्यावर इंजिनाचा सूर बदलतो, ते ऐकत होती. आतोबा खांद्याला फवारणीचा पंप अडकवून लहान रोपांवर पाणी मारत होते, पण लक्ष सगळं इकडे.

"झाड सुकलं की मी आधी मुळाशी बघतो," ते म्हणाले.

"अहो, याला मुळं नाहीत."

"असतील. तुला दिसली नसतील."

"तुम्ही आधी तिकडे व्हा बघू."

आतोबा तिकडे झाले नाहीत. उलट जवळ येऊन म्हणाले, "तापलंय बिचारं," आणि इंजिनाच्या मागच्या अंगाला त्यांनी पाण्याची एक पिचकारी मारली.

आत्या चिडून वळली आणि वळल्यावर तशीच उभी राहिली. थरथर थांबली होती. क्षणभर इंजिन असं चाललं, जसं शिवणयंत्र सरळ टिपेवर चालतं. मग पुन्हा तेच हुडहुडणं.

"मी काही केलं नाही," आतोबा पंप पाठीमागे लपवत म्हणाले.

"परत मारा."

"काय?"

"पाणी हो. तिथेच. पण बेताने, थेंब थेंब. वायरींवर नको."

मग त्या दोघांचं जे काम चाललं, ते मी विसरूच शकत नाही. आतोबा वीतभर सरकायचे, पाणी मारायचे, आत्या कान लावून "नाही", "नाही", "मागे या" म्हणायची. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बॉनेटखाली दोन डोकी एकत्र गेलेली कुणी पाहिली नव्हती. शेवटी एका बोटाएवढ्या जाड नळीच्या वळणावर पाणी पडलं आणि सूर पुन्हा सरळ झाला. वरून नळी धडधाकट दिसत होती. आत्याने माझ्या पर्समधला आरसा मागितला आणि खालून धरला. वळणाच्या पोटाला रबर तडकलं होतं. अंगठ्याने वाकवल्यावर ते जांभई दिल्यासारखं उघडलं.

"हे बघ," ती मला म्हणाली. "पळताना इंजिन भसाभसा हवा ओढतं, त्यात ही चोरटी हवा कळत नाही. थांबल्यावर त्याला घोटभरच लागते. तेव्हा हीच जड होते, पेट्रोलचं गणित चुकतं."

पाण्याने ती भेग घडीभर बुजत होती, एवढंच.

नवी नळी आणून बसवली. आत्याने किल्ली फिरवली आणि ट्रक जागच्या जागी शर्यतीला निघाल्यासारखा ओरडायला लागला. आतोबा गुलाबांच्या मागे गेले.

आत्याने इंजिन बंद केलं. मग पदराने हात पुसून तिने मिस्त्रींना फोन लावला.

मिस्त्री आले, वाकून बघितलं आणि कंबरेवर हात ठेवून उभे राहिले. "ताई, स्लोच्या स्क्रूला हात लावू नका, सांगून सांगून माझा घसा बसला." स्लो म्हणजे गाडी उभी असताना इंजिन किती वेगाने फिरतं ते.

"जुन्या ट्रकला लावायची," आत्या म्हणाली. "थरथरला की जरासा पिळायचा, गप्प व्हायचा."

"त्याला कार्ब्युरेटर होता, सगळं हातानेच लावायचं. या गाडीचा स्लो तिचा कॉम्प्युटर सांभाळतो. तुम्ही स्क्रू पिळत गेलात, दुखणं झाकलं गेलं, आणि भेग वाढत गेली. आता भेग गेली, पण पिळलेला स्क्रू तसाच, म्हणून ओरडतोय."

"आणि नावं मी तुम्हाला ठेवत होते."

"आली माझ्या कानावर," मिस्त्री म्हणाले. "चहा टाका आता."

त्यांनी स्क्रू जागेवर आणला. इंजिन हळूहळू खाली येत स्थिरावलं.

शनिवारी ट्रक कुंड्यांनी भरला. दादा आत्याच्या शेजारी आणि मी दाराकडे. आत्याने मुद्दाम गर्दीचा रस्ता धरला. प्रत्येक सिग्नलला दादा श्वास रोखायचा आणि ट्रक बाजारात उभ्या असलेल्या माणसासारखा निवांत उभा राहायचा. मागे एकही कुंडी वाजली नाही. भर चौकातल्या त्या सिग्नलवर तर दादाने डॅशबोर्डवर तळहात टेकवून पाहिला. आत्या समोर बघत होती, पण तिच्या गालावर हसू उमटलेलं मला दिसलं.

परत येताना रोपवाटिकेच्या फाटकाशी दादा म्हणाला, "आई, मी बघू चालवून?"

आम्ही तिघं खाली उतरलो. दादा चढला आणि उशीमुळे त्याचं डोकं छताला टेकलं. त्याने उशी काढून बाजूला ठेवली, गिअर टाकला, क्लच सोडला. ट्रकने एक धक्का दिला आणि बंद पडला. पुन्हा लावला, पुन्हा बंद. आतोबा पंप घेऊन बाहेर आले आणि परिस्थिती बघून आल्या पावली परत गेले. तिसऱ्या धक्क्याला मागची एक कुंडी आडवी झाली.

"हे आता कशाने?" दादाने विचारलं.

"हे ट्रकचं नाही," आत्या म्हणाली. "शिकवीन हळूहळू. घाई काय आहे?"

दादाने किल्ली काढली, क्षणभर हातात धरून बसला, मग खाली उतरून ती तिच्या हातात दिली. ट्रकच्या पुढून फिरला आणि पलीकडच्या दाराने आत येऊन बसला. आत्याने उशी झटकली आणि सीटवर नीट लावली.