बिनमातीचा आंबटचुका

माती नको, असं मी जन्मात पहिल्यांदा म्हणाले ते खालच्या मजल्यावरच्या बाईंमुळे. लखनौच्या गोमती नगरातला आमचा फ्लॅट सहाव्या मजल्यावर, त्यांचा पाचव्या. मी कुंड्यांना पाणी घातलं की त्यांच्या वाळत घातलेल्या चिकनकारीच्या कुर्त्यांवर चिखलाचे थेंब. दोनदा हसून बोलल्या, तिसऱ्यांदा कुर्ताच घेऊन वर आल्या. "भाभीजी, अब आप ही बताइए!" काय बताऊ, कप्पाळ! सगळ्या कुंड्या वॉचमनला देऊन टाकल्या.

पण कपाटात एक पुडी होती आणि ती मला पेरायचीच होती. आंबटचुक्याचं बी. गेल्या फाल्गुनात आई गेली. दहाव्याच्या दिवशी लातूरच्या घरामागच्या तिच्या वाफ्यातून मी ते ओरबाडलं आणि रुमालात बांधून आणलं. नंतर भावाने तिथे गाडी लावायला फरशी बसवून घेतली. त्याचंही बरोबरच आहे म्हणा, पण मला राग आला तो आलाच. म्हणजे आईच्या चुक्याचं जगात उरलेलं बी तेवढंच, माझ्या पुडीतलं. लखनौला मेथी, सोया म्हणजे शेपू, बथुआ म्हणजे चाकवत, सगळं ढिगाने मिळतं. चुका म्हटलं की भाजीवाला भैया माझ्याकडेच बघत बसतो.

मला ती भाजी एकदा खायची होती. डाळ-दाणे घालून, वरून लसणाची चरचरीत फोडणी. बस, एवढंच.

तेव्हा मातीशिवाय, पाण्यात भाजी लावायची असं ठरवलं. मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून डोळे दुखायला लागले. झाकणाचं मोठं प्लास्टिकचं खोकं आणलं. झाकणाला नऊ भोकं पाडली, भोकांत जाळीचे कप बसवले, कपांत नारळाचा भुसा भरला. खाली पाणी, त्यात दोन बाटल्यांतलं खत मापाने, आणि बुडबुडे सोडायला माशांच्या टाकीतला पंप. पाणी फार आंबट किंवा फार खारवट झालं तर रोपं अन्न घेत नाहीत म्हणे, म्हणून ते तपासायला रंग बदलणारे कागद. नवरा बँकेतून आला, खोक्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "अगं, हे झेपेल का आपल्याला?" मी म्हटलं, "तुम्हाला कोण झेपवायला सांगतंय?"

शहाण्या बाईने अर्धं बी मागे ठेवलं असतं. मला कुठला धीर! सगळंच पेरलं. नऊच्या नऊ कपांत हिरवे ठिपके दिसले त्या सकाळी मी खोक्यासमोर फतकल मारून बसले आणि खूप रडले. सांगायचं कोणाला? आईलाच सांगितलं असतं.

डिसेंबरात पानांखाली मावा दिसला, ते बारीक हिरवे चिकट किडे. आईचा त्यावर एकच उपाय, चुलीतली राख. कोवळ्या पानांवर चिमटीने भुरभुरायची. आता सहाव्या मजल्यावर चूल कुठून आणू? पण आमच्या फाटकाशी कोळशाच्या इस्त्रीवाले चाचा बसतात. त्यांच्याकडून वाटीभर राख आणली, आईसारखीच चाळून घेतली आणि सढळ हाताने भुरभुरली. कपांच्या जाळीतून ती खाली पाण्यात जातेय, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मला वाटत होतं, मी अगदी आईसारखं करतेय.

चार-पाच दिवसांत नवी पानं पिवळी पडली. कागद पाण्यात बुडवला तर निळाशार! राखेने सगळं पाणीच खारवट करून ठेवलं होतं. मी खोकं रिकामं केलं, मुळं धुतली, नवं पाणी भरलं, पण सहा रोपं गेलीच. चाचांना सांगितलं तर इस्त्री न थांबवता म्हणाले, "राख तो मिट्टी की दवा है, बहनजी. आपके यहाँ मिट्टी है कहाँ?" मला इतकं लागलं ते, की दोन दिवस कपडेच दिले नाहीत त्यांना.

तीन रोपं तेवढी वाचली. त्यांना मी तान्ह्या बाळासारखं जपलं. धुक्याने आठ-आठ दिवस ऊन नसायचं, तेव्हा वर दिवा टांगला. माघ लागेपर्यंत पानं तळहाताएवढी झाली. एका वाटीची भाजी नक्की होईल, एवढी.

त्या रविवारी डाळ भिजत घातली, लसूण सोलला आणि नेमका लेकीचा फोन आला. पोरगी पुण्यात नोकरी करते आणि तरी माझ्याशी हिंदीतच बोलते. तिला खोकं दाखवलं. "वाव मम्मी! नानीवाला? मेरे लिए रखना, हाँ? मैं आऊँगी ना."

"कधी?"

"अरे, देखती हूँ. काम थोडा कम होने दो."

मी बरं म्हटलं, फोन ठेवला आणि कात्री घेतली. हात चालेना. राहू दे की, येईल ना पोरगी. पंधरा दिवस, फार तर महिना. पानं थोडी जून होतील, होऊ देत.

आणि दहाव्याचा दिवस आठवला. मी वाफ्यातलं बी ओरबाडत होते तेव्हा वहिनी मागे येऊन उभी राहिली होती. म्हणाली, "ताई, यंदा चुका आम्ही खाल्लाच नाही. आई कुणाला हात लावू देईनात. तुम्ही येणार म्हणून ठेवला होता." पौषापासून मी येते येते म्हणत होते. आधी ह्यांचं ऑडिट, मग लेकीची मुलाखत. चुका वाट बघत जून झाला, त्याला तुरे आले, ते वाळले. मी रुमालात बांधून आणलं ते बी म्हणजे मी न खाल्लेली भाजी होती.

आईने एकदाही विचारलं नाही, कधी येतेस. दर फोनला आपलं एकच, "सवडीनं ये गं बाई, घाई नाही." आणि मी खुशाल ते खरं मानलं.

कात्री ओट्यावर ठेवली. लेकीला परत फोन लावला. तिने उचलला तेव्हा मागे मैत्रिणींच्या हसण्याचा आवाज येत होता. "क्या हुआ मम्मी? अभी तो बात हुई."

"मी ठेवणार नाही," मी म्हटलं. माझा आवाज जरा चढलाच असावा, कारण मागचं हसणं थांबलं. "पुढच्या रविवारी भाजी करणार. तू असलीस तर तुझ्यासोबत, नसलीस तर तुझ्यावाचून. सवडीनं वगैरे काही नाही. तारीख सांग."