सुटी ठेवलेली टोके

माझ्या फुफाजींनी उभ्या आयुष्यात एकही गोष्ट पूर्ण केली नाही, आणि ही त्यांच्यावरची टीका नसून त्यांचे तत्त्वज्ञान आहे. आत्याच्या यजमानांना आमच्याकडे फुफाजी म्हणतात. हे फुफाजी वैनगंगेच्या काठी, पवनीला, कोशाचे, म्हणजे टसरचे, रेशीम विणत. मागावरचे कापड उतरवताना विणकर ताण्याचे, म्हणजे उभे, शेवटचे वीतभर धागे न विणता मागाच्या फणीतच ठेवतो आणि नव्या ताण्याचा एकेक धागा त्या जुन्या टोकांना गाठतो, म्हणजे सगळा ताणा पुन्हा ओवावा लागत नाही. श्रम वाचवण्याची ही साधी युक्ती. फुफाजींनी मात्र तिचा धर्म केला होता. त्यांच्या मते त्यांच्या आजोबांनी ओवलेला ताणाच गाठीगाठीने अजून चालू होता. "माग रिकामा झाला का घर रिकामं झालं समज," असे ते बजावत.

हा नियम त्यांनी मागापुरता ठेवला असता तर आत्या सुखी झाली असती. पण ते कपात चहाचा एक घोट ठेवत, "पुढच्या चहाले ओळख पटली पाहिजे." गोष्ट सांगताना वाघ झुडपाबाहेर आला की उठून जेवायला जात; तो वाघ पुढच्या भेटीपर्यंत तसाच उभा राही. पत्राखाली सही करत नसत. आणि पाहुणे म्हणून गेले की यजमानांकडे छत्री, चष्म्याचे घर ठेवून परतत; एकदा तर स्वतःचे जोडे ठेवून आले. लाखनीला आमच्या घरी त्यांच्या तीन छत्र्या होत्या. "विसरलात," मी म्हणाले, तर हसले. "विसरलो नाही बाई, ठेवून राहिलो. काही राहिलंच नाही, त मानूस परत येईन कायले?" आत्या आतून ओरडली, "जोडे ठेवून अनवानी आले त्या दिवशी लोक मले विचारत होते, भांडन झालं का म्हनून!"

मी रसायनशास्त्राची विद्यार्थिनी. निरीक्षण, अनुमान, निष्कर्ष, आणि शेवटी खाली एक सरळ रेघ. माझी श्रद्धा त्या रेघेवर. त्यामुळे आमचे प्रेम बरेचसे वादविवादाच्या स्वरूपाचे होते.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला माझ्या महाविद्यालयात एक पत्रक आले. युरोपातल्या एका नदीकाठच्या गावातील विणकरांनी निरनिराळ्या देशांतल्या नदीकाठच्या विणकरांना आवाहन केले होते: प्रत्येकाने आपली नदी दाखवणारी एक पट्टी विणून पाठवावी, त्या सर्व जोडून एकच लांब कापड करायचे. मी तत्काळ फुफाजींचे नाव कळवले. पत्रव्यवहाराच्या जागी माझे नाव घातले, हेही नमूद केले पाहिजे. परदेशातून माझ्या नावाने पाकीट येणार, ही कल्पना मला फार आवडली होती.

फुफाजींनी सगळे ऐकून एकच प्रश्न विचारला. "जोडतीन म्हनजे, आपल्या धाग्याले त्यायचा धागा गाठतीन?"

"पत्रात 'जोडणार' एवढेच आहे."

"मंग गाठतीनच. विनकर हायेत न थे?"

त्या पट्टीवर ते महिनाभर बसले. धानाचा हिरवा, गाळाचा तपकिरी आणि मधून कोशाचा स्वतःचा सोनेरी रंग, उन्हाळ्यातल्या आटलेल्या वैनगंगेच्या वाळूसारखा. दोन्ही टोकांना त्यांनी हातभर ताणा न विणता मोकळा सोडला होता. माझ्या हाती पट्टी देताना म्हणाले, "टोकं सांभाळून ने. गुंता होऊ देऊ नको."

पत्रकातल्या सूचना मला पाठ होत्या. चौथी सूचना: चारही कडा दुमडून शिवलेल्या असाव्यात. हे फुफाजींचे नेहमीचे अर्धवटपण, असा मी निष्कर्ष काढला. पट्टी नाकारली जाऊ नये म्हणून लाखनीला मी मोकळे धागे कापले, आईच्या मशिनवर कडा शिवल्या आणि पार्सल रवाना केले. फुफाजींना सांगितले नाही.

आठ महिन्यांनी पाकीट आले. आत लांबच लांब कापडाचे छायाचित्र. मी ते पवनीला नेले. फुफाजींचा मोतीबिंदू वाढला होता. ते भिंग घेऊन ओसरीवर बसले आणि आमच्या पट्टीची कड पुन्हापुन्हा पाहू लागले.

"गाठी कुठी हायेत वं बाई?"

मी भिंगाखाली छायाचित्र सरळ केले.

"मले दिसून नाही राहिल्या. तू पाय."

तेव्हा मी सांगितले. कापले, शिवले, मीच. त्यांनी भिंग खाली ठेवले. रागावले असते तर मी नियम क्रमांक चार पुढे केला असता. ते एवढेच म्हणाले, "मले वाटलं होतं, आजोबाचा धागा दुसऱ्या नदीवर गेला." आणि कपातला चहा त्यांनी, आमच्या देखत, पूर्ण संपवला. आत्या माझ्याकडे पाहतच राहिली.

त्या संध्याकाळी मी युरोपातल्या त्या गावाला पत्र लिहिले. झालेली चूक स्पष्ट मांडली आणि विनंती केली: आपल्या मागावरची थोडी टोके पाठवावीत. पाकीट यायला पावसाळा उलटला. आत करड्या धाग्यांची जुडी होती, आणि तो धागा जवसाच्या झाडाचा असल्याची चिठी. तोवर फुफाजींना जवळजवळ दिसेनासे झाले होते. जुडी बोटांनी चाचपून ते खुलले. "जवस? अरे बाप रे! अन् आपन नुसतं तेलच काढत राहिलो!"

मागावर आजोबांच्या ताण्याची टोके तशीच होती. मला शेजारी बसवून त्यांनी जवसाचा धागा त्यांना जोडायची गाठ शिकवली. माझी पहिली गाठ त्यांनी अंगठ्याने तपासली.

"कालेजात हेच शिकवतेत का? ढिली हाये. सोड, अन् पुन्हा बांध."

मी चार वेळा बांधली. चौथी त्यांनी ओढून पाहिली आणि पुढचा धागा माझ्या हातात दिला. त्या दिवशी आम्ही अकरा धागे गाठले. बारावा त्यांनी मुद्दाम राहू दिला.

त्या हिवाळ्यात ते गेले. वाघ अजून झुडपाबाहेर उभा आहे. मी आता दूरच्या शहरात प्रयोगशाळेत काम करते, आणि माझ्या निष्कर्षांखाली रेघ ओढते. पण दर दिवाळीला पवनीला जाऊन एक धागा गाठते, एकच. परवा आत्याचे पत्र आले: "बाई, तुही छत्री इथंच राहिली."

राहिली नाही. ठेवली आहे.