फुकटच्या चुलीवरचे रोडगे

आमच्या घराण्यात आजवर कोणी गावजेवण घातलेलं नाही. मी घातलं, आणि तेही चुकून.

वरठीच्या ज्या कारखान्यात मानसीचे पप्पा ठेक्यावर जातात, तिथलं काम दिवाळीआधीच बंद पडलं. "काम आलं की बोलावू," एवढंच कारखानेवाले म्हणाले. घरात टीव्हीचा रिचार्ज संपला, गॅस जपून पेटू लागला आणि माणूस दिवसभर फोनकडे बघत बसू लागला. नेमक्या अशाच वेळी मानसीच्या वर्गातल्या पोरी नागपूरच्या वॉटर पार्कला जाऊन आल्या. नऊ वर्षांची पोर, मागितलं काहीच नाही. जेवताना फक्त विचारलं, "मम्मी, तिथलं पानी निळं काहून रायते वं?"

मी म्हटलं, "रविवारी आपण तलावावर रोडगे करू. तुले पोटभर, वरून तूप." आठवडाभर पोरीच्या तोंडात दुसरा विषय नव्हता. बेतही स्वस्तातला. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, फोडायचे, तुपात बुडवायचे. कणीक डब्यातली, वांगी परसातली, गोवऱ्या आणि लग्नातल्या उरलेल्या पत्रावळी शेजारच्या काकूंच्या. तूप तेवढं माहेरचं, छोट्या बाटलीतलं. (ती बाटली मी सख्ख्या नणंदेपासूनसुद्धा लपवून ठेवली होती.)

मोहाडीच्या वाटेवरचा तलाव गाठला. जागा मीच निवडली. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, मोठा कडुलिंब, खाली शेंदूर लावलेला देव आणि समोर धुरानं काळ्या झालेल्या तीन दगडांची तयार चूल.

"अवं, ही जागा नवसाची दिसून राहिली," मानसीचे पप्पा म्हणाले. "तिकडे जाऊ ना."

"तिकडे दगड कोन उचलन? तुमची कंबर?" मी म्हटलं. "आयती चूल सोडून कोनी जाते का?"

फुकट म्हटलं की माझी अक्कल गहाण पडते. वर आणखी शहाणपणा असा, की देवाच्या दारात बसून त्याला उपाशी कसं ठेवायचं, म्हणून पहिला भाजलेला रोडगा मी देवापुढे ठेवला.

तेवढ्यात एका म्हाताऱ्या बाबाजींनी रस्त्यावर सायकल टेकवली. आले, चप्पल काढली, देवाला हात जोडले आणि सरळ मांडी घालून बसले.

"बसा जी," हे म्हणाले. दुसरं काय म्हणणार? नवसाचा स्वयंपाक असला की येईल त्याला वाढायचं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. अशा ठिकाणी धूर दिसला की तेच आमंत्रण. मी बाबाजींना वाढलं आणि मनात म्हटलं, चला, एकच माणूस आहे, निभावेल.

मग पाळीवरून धान कापून परतणाऱ्या बायांचा घोळका आला. हातात विळे, डोक्यावर फडकी.

"कायचा नवस होता वं बाई?" पुढच्या म्हातारीनं विचारलं.

"नाई जी, आमी असेच..."

"असेच? देवापुढे असेच कोन रोडगे करते वं?"

सकाळपासून वाकून आलेल्या त्या बायांना, आम्ही मजा करायला आलोय, तुम्ही निघा, असं कोणत्या तोंडानं सांगू? जीभ आपोआप बोलली, "मानसीच्या पप्पाचं काम सुरू झालं ना, म्हनून."

यांनी पटकन खिशातून फोन काढून पाहिला. बिचाऱ्यांना खरंच वाटलं.

"देव पावला मंग," म्हणत बाया ओळीनं बसल्या. म्हातारीनं तर तुपाची बाटलीच ताब्यात घेतली. "हात सैल सोड वं. देवानं देलं तं कायले जीव बारीक करतं?" तूप धारेनं वाहत होतं आणि मी बाटलीचा तळ बघत होते. मी हळूच मानसीसाठी एक रोडगा पदराआड सरकवला, तर म्हातारी म्हणाली, "घरच्यायनं सगळ्यायच्या मागून जेवाचं, बाई. नाई तं नवस लागत नाई." मी निमूट तो परत ठेवला.

मानसीचे डोळे भरून आले. निखाऱ्यात आता मोजकेच रोडगे उरले होते आणि पंगत काही उठत नव्हती. आठवडाभराचं माझं वचन माझ्याच हातानं परक्यांच्या पत्रावळीवर पडत होतं. मला रडूच कोसळायचं बाकी होतं. मान वर केली तर पोर जागेवर नाही. पुढेच तलाव!

पोर पंगतीत बसली होती. दोन बायांच्या मधे, पत्रावळ घेऊन.

"काकू," ती माझ्याकडे बघत अगदी पाहुण्यासारखी म्हणाली, "मले पन वाढा जी. तूप जरा जास्त."

मी पोटच्या पोरीला परक्यासारखं वाढलं. तिनं दोनदा मागून खाल्लं. बोटं चाटत म्हणाली, "छान झाले, काकू." तिचं बघून तिचे पप्पाही बाबाजींच्या शेजारी जाऊन बसले. (बायकोला ओळख न देण्यात त्यांना काहीच जड गेलं नाही.) माझ्यासाठी रोडगा उरलाच नाही; मी वांग्याच्या भाजीचं पातेलं पुसून खाल्लं.

कारखान्यातून अजून बोलावणं आलेलं नाही. लोक आधी नवस बोलतात, काम झालं की फेडतात. मी आधीच फेडून बसले आहे, त्यामुळे देवाला आता घाई कसली? परवा पुन्हा त्याच्यापुढे हात जोडून उभी राहिले. काम सुरू होऊ दे, रोडगे करीन, असं ओठांवर आलं होतं, पण गिळलं. म्हटलं, देवा, या वेळी नारळावर भागव. आणि पावलास तर एवढंच सांग, मागच्या खेपेचे रोडगे लागत कसे होते?